ओकचे कुंपण

मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडियांनी बांधलेले ‘ट्रिंकोमाली’ १८१७ साली पाण्यात उतरले. हे सागवानी जहाज इंग्लंडात हार्टलपूलला आजही तरंगते आहे. ब्रिटिश आरमाराने इतक्या दूर जहाजे का बांधून घेतली, याचा माग काढताना मी ग्लॉस्टरशरमधल्या ‘फॉरेस्ट ऑफ डीन’ या रानात पोचलो. तिकडे ओकच्या लाकडाचा तुटवडा पडला होता.

सेव्हर्न आणि वाय या नद्यांच्या बेचक्यातले हे राजाचे जुने रान. १८०२ मध्ये नेल्सनने ते पाहिले आणि त्याच्या दुर्दशेवर टिपण लिहिले. १८०८ च्या कायद्याने ११,००० एकर कुंपणात घालून ओक लावायचे ठरले. जहाजाजोगा ओक व्हायला शंभरएक वर्षे लागतात. तोवर तिथल्या माणसांनी मेंढरे-डुकरे चारायची कुठे, हे कायद्याने फारसे मनावर घेतले नाही.

या रानाखाली कोळसा आणि लोखंड आहे. ते खणण्याचा हक्क ‘फ्रीमायनर’चा, म्हणजे सेंट ब्रिआव्हल्स हंड्रेड या मुलखात जन्मलेल्या, २१ वर्षे पूर्ण केलेल्या आणि तिथल्याच खाणीत एक वर्ष एक दिवस राबलेल्या माणसाचा. आपल्याला वतन आठवते. पण वतन बापाकडून येते. इथे बाप कुठलाही चालेल, जन्म त्या मातीतला हवा आणि घाम स्वतःचा.

वॉरन जेम्स असाच एक फ्रीमायनर. झाडे मोठी झाली की रान मोकळे होईल, अशी लोकांची समजूत होती; कुंपणे हलेनात. जून १८३१ मध्ये जेम्सने शेकडो माणसे घेऊन ती पाडली. सैन्य आले. त्याला फाशी ठोठावली, मग ती बदलून आजच्या टास्मानियात हद्दपार केले. १८३६ मध्ये माफी मिळाली, तरी तो परतला नाही.

कुंपणे पुन्हा उभी राहिली, ओक वाढत राहिले. १८६० मध्ये लोखंडी सांगाड्याची ‘वॉरियर’ युद्धनौका पाण्यात उतरली. तेव्हा ते ओक जेमतेम पन्नाशीचे होते!

खाणीचा हक्क १८३८ च्या कायद्याने लेखी झाला, तो अजून चालतो. कायद्यात शब्द ‘पुरुष’ असा होता. २०१० मध्ये एका स्त्रीचा हक्क मान्य झाला. आता अडचण निराळीच आहे. तिथल्या बहुतेक मुलांचा जन्म ग्लॉस्टरच्या रुग्णालयात होतो, आणि ते हंड्रेडच्या हद्दीबाहेर आहे.