एका रात्रीचे वाचन

पुस्तक वाचून माणसाचे आयुष्य खरोखर बदलते काय? आपल्याकडे पोथ्या-पारायणांना तोटा नाही. पण पारायण आटोपून उठलेला गृहस्थ दुसऱ्या दिवशी बिऱ्हाडकरूशी पूर्वीच्याच हिरीरीने भांडतो, हेही आपण पाहतो. तेव्हा कोणी म्हणेल, पुस्तके कपाटात शोभतात, आयुष्य आपल्या वाटेने जाते. या शंकेला इतिहासात एक नामांकित उत्तर आहे. ते जरा जवळून पाहण्यासारखे आहे.

१९०४ साल. मोहनदास गांधी जोहान्सबर्गला वकिली करीत होते आणि वकिली जोरात चालली होती. दरबानहून निघणारे 'इंडियन ओपिनियन' हे पत्र मात्र त्यांचे पैसे गिळत होते. हिशेबाची निरवानिरव करण्यासाठी ते दरबानला निघाले. स्टेशनवर पोचवायला आलेले तरुण मित्र हेन्री पोलॉक यांनी वाटेत वाचायला म्हणून एक लहानसे पुस्तक त्यांच्या हाती दिले. ते होते जॉन रस्किनचे 'अन्टु धिस लास्ट'. प्रवास चोवीस तासांचा. पुस्तक हातातून सुटेना. संध्याकाळी गाडी दरबानला पोचली. त्या रात्री गांधींना झोप आली नाही.

या पुस्तकाचा जन्म काही वाजतगाजत झाला नव्हता. कलेचा मर्मज्ञ म्हणून गाजलेल्या रस्किनने १८६० साली, थॅकरे संपादक असलेल्या 'कॉर्नहिल' मासिकात, अर्थशास्त्रावर लेख लिहिले. संपत्ती म्हणजे नाणी नव्हेत, जगणे हीच खरी संपत्ती, असे त्याचे म्हणणे. वाचक इतके खवळले की चार लेखांनंतर माला आवरती घ्यावी लागली. १८६२ साली त्यांचे पुस्तक झाले, तेही बेतानेच खपले. नाव बायबलातल्या एका दृष्टान्तावरून घेतलेले. द्राक्षमळ्याचा धनी पहाटेपासून राबलेल्या मजुराला आणि शेवटच्या घटकेला आलेल्या मजुराला सारखीच मजुरी देतो. 'या शेवटच्यालाही' तेवढेच. पोट दोघांनाही सारखेच, हा त्यातला एक अर्थ.

गांधींनी त्यातून तीन गोष्टी उचलल्या: सर्वांच्या भल्यात आपले भले आहे, वकिलाच्या आणि न्हाव्याच्या कामाचे मोल सारखे, आणि शेतकऱ्याचे, कारागिराचे कष्टाचे जिणे हेच खरे जिणे. पुढे आत्मकथेत त्यांनी प्रांजळपणे सांगितले आहे, की पहिली गोष्ट ठाऊक होती, दुसरी अंधूक दिसत होती, तिसरी कधी मनात आलीच नव्हती. वाचकहो, येथेच या कथेचे मर्म आहे. जमीन आधी नांगरलेली होती. टॉल्स्टॉय वाचून झाला होता, त्याच वर्षी जोहान्सबर्गच्या प्लेगमध्ये रोग्यांची शुश्रूषा झाली होती. पुस्तकाने बी टाकले. कोऱ्या खडकावर ते रुजले नसते.

आणि लगेच कृती झाली. छापखाना शेतावर न्यावा, सर्वांनी अंगमेहनत करावी आणि गोरा असो की हिंदी, प्रत्येकाने महिना तीन पौंड घ्यावेत, अशी योजना त्यांनी मांडली. अल्बर्ट वेस्ट या इंग्रज सहकाऱ्याला ती पटली. छापखान्याचे मूळ चालक मदनजित यांना मात्र तो वेडेपणा वाटला. त्यांचे आडनावच मुळी 'व्यवहारिक'! दरबानपासून १४ मैलांवर, फिनिक्स स्टेशनजवळ, १०० एकर जमीन १,००० पौंडांना मिळाली. एक झरा, थोडी संत्र्याची नि आंब्याची झाडे आणि सापांचा सुळसुळाट. पारशी रुस्तमजींनी पत्रे दिले, छपराखाली यंत्रे आली. पहिल्याच अंकाच्या रात्री इंजिन रुसले. मग दमलेल्या सुतारांनाही उठवून सर्वांनी पाळीपाळीने हाताने चाक फिरवले आणि अंक वेळेवर निघाला.

पण गोष्ट एवढ्यावर संपवली तर ती अर्धवट होईल. वकिली सोडून फिनिक्सला राहण्याचा बेत गांधींना लगेच साधला नाही; थोड्याच दिवसांत त्यांना जोहान्सबर्गला परतावे लागले. आणि पुस्तक एकट्याने वाचले असले तरी त्याची किंमत घराने मोजली. कस्तुरबांनी रस्किन वाचला नव्हता, तरी १९०६ मध्ये त्या आगगाडीतल्या वाचनाच्या मागोमाग मुलांना घेऊन त्या शेतावर राहायला गेल्या. थोरला हरिलाल शिक्षणासाठी तळमळला आणि १९११ साली बापापासून दुरावला. एका माणसाचा उजेड दुसऱ्याच्या डोळ्यांवर येतो, हेही त्या रात्रीचेच फळ.

१९०८ साली गांधींनी या पुस्तकाचा सारांश गुजरातीत लिहिला आणि त्याला नाव दिले 'सर्वोदय'. १९१० मध्ये मुंबई सरकारने त्यावर बंदी घातली. ६ एप्रिल १९१९ रोजी तीच पुस्तिका त्यांनी मुंबईच्या रस्त्यांवर उघडपणे विकली. पुढे कोकणातल्या गागोद्यात जन्मलेले विनोबा हाच शब्द घेऊन १९५१ पासून गावोगाव जमीन मागत हिंडले. फिनिक्सची वसाहत १९८५ च्या दंगलीत जळाली, ती पुन्हा उभारून २००० साली खुली झाली. रस्किन १९०० सालीच वारला होता. त्याला यातले काहीच कळले नाही.

तर मग पुस्तक आयुष्य बदलते काय? तेच पुस्तक पुष्कळांनी वाचले आणि मिटून ठेवले. बदल घडला तो 'पहाट होताच याप्रमाणे वागायचे' या निश्चयाने, आणि निश्चयानंतर रात्रभर फिरवलेल्या चाकाने. इंजिन बंद पडल्यावर चाकाला हात लावण्याची तयारी पुस्तक देत नाही. ती तयारी असलेल्या माणसाला मात्र चाक कोठे आहे ते दाखवते. पोलॉक यांनी स्टेशनवर केले ते काम तर कोणालाही जमण्यासारखे आहे. या दिवाळीत मिठाईच्या पुड्याबरोबर एखाद्या स्नेह्याच्या हाती एक पुस्तक ठेवून पाहावे. झोप कोणाची उडेल, सांगता येत नाही.