लीडलेस पेसमेकर

लीडलेस पेसमेकर किंवा तारविरहित पेसमेकर हा हृदयाच्या उजव्या निलयात थेट बसवला जाणारा लहान पेसमेकर आहे. नेहमीच्या पेसमेकरमध्ये छातीच्या त्वचेखाली ठेवलेले जनित्र आणि शिरेतून हृदयापर्यंत जाणारी तार (लीड) असे दोन भाग असतात. लीडलेस प्रकारात बॅटरी, विद्युत मंडल आणि विद्युदग्र एकाच कॅप्सूलमध्ये सामावलेले असतात. त्यामुळे छातीवरील कप्प्यात होणारा संसर्ग आणि तार तुटणे या अडचणी टळतात. मात्र कालांतराने कॅप्सूलभोवती ऊती वाढत असल्याने ती काढणे कठीण होते. म्हणून बसवतानाच योग्य जागा आणि कमी थ्रेशोल्ड मिळवणे निर्णायक ठरते.

इतिहास

शरीरात पूर्णपणे बसवलेला पहिला पेसमेकर ८ ऑक्टोबर १९५८ रोजी स्वीडनमधील आर्ने लार्सन या रुग्णावर वापरला गेला. तारेविना पेसमेकरची कल्पना १९७० मध्ये कुत्र्यांवरील प्रयोगांतून मांडली गेली. परंतु पुरेशी लहान आणि टिकाऊ बॅटरी उपलब्ध होण्यास अनेक दशके लागली. नॅनोस्टिम या उपकरणाला २०१३ मध्ये युरोपात मान्यता मिळाली. बॅटरीतील दोषामुळे २०१६ मध्ये त्याचे रोपण थांबवण्यात आले. मायक्रा हे उपकरण डिसेंबर २०१३ मध्ये ऑस्ट्रियातील लिंझ येथे प्रथम बसवले गेले आणि एप्रिल २०१६ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. स्क्रूने घट्ट होणाऱ्या एव्हेर या उपकरणाला तेथे २०२२ मध्ये मान्यता मिळाली.

रोपणाची पद्धत

मायक्राची लांबी सुमारे २६ मिमी, व्यास ६.७ मिमी आणि वजन सुमारे २ ग्रॅम असते. जांघेतील फेमोरल नीलेतून जाड नळी घालून ते अधोमहानीला, उजवे अलिंद आणि त्रिदल झडप या मार्गाने उजव्या निलयात नेले जाते. निलयाची बाहेरील भिंत पातळ असल्याने तेथे छिद्र पडण्याचा धोका असतो. त्यामुळे दोन निलयांमधील पडद्याची जागा निवडली जाते. ही जागा रंगद्रव्य सोडून, दोन वेगवेगळ्या कोनांतील क्ष-किरण चित्रांवर पडताळली जाते. नंतर नायटिनॉलचे चार आकडे स्नायूंत रुतवले जातात. उपकरणाला बांधलेला दोरा हलका ओढून किमान दोन आकडे पकडल्याची खात्री केली जाते आणि मगच दोरा कापून काढला जातो.

थ्रेशोल्ड

हृदयाच्या स्नायूला आकुंचन पावण्यास भाग पाडणाऱ्या किमान विद्युत स्पंदाला थ्रेशोल्ड म्हणतात. मायक्रासाठी ०.२४ मिलिसेकंद कालावधीच्या स्पंदाला १ व्होल्ट किंवा त्याहून कमी मूल्य चांगले समजले जाते. त्याबरोबर हृदयाचा स्वतःचा विद्युत संकेत (आर लहर) किमान ५ मिलिव्होल्ट असावा आणि विद्युत अवरोधही अपेक्षित मर्यादेत असावा, असे पाहिले जाते.

स्पंदाची ऊर्जा व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते. व्होल्टेज दुप्पट झाल्यास ऊर्जा चौपट लागते. म्हणून अधिक थ्रेशोल्ड असलेल्या रुग्णात सुमारे १२ वर्षे अपेक्षित असलेले बॅटरीचे आयुष्य बरेच घटू शकते.

आकडे रुतताना स्नायूला झालेल्या किरकोळ इजेमुळे सुरुवातीचे मूल्य काहीसे अधिक येऊ शकते आणि काही मिनिटांत ते उतरते. त्यामुळे मूल्य मर्यादेपेक्षा थोडेच अधिक असल्यास काही वेळ थांबून पुन्हा मोजले जाते. ते २ व्होल्टच्या आसपास किंवा त्याहून अधिक राहिल्यास उपकरण मागे घेऊन जागा बदलली जाते. परंतु प्रत्येक नव्या प्रयत्नाबरोबर छिद्र पडून हृदयाभोवती रक्त साचण्याचा धोका वाढतो. त्यामुळे 'पुरेसे चांगले' मूल्य स्वीकारायचे की आणखी एक प्रयत्न करायचा, हा निर्णय तज्ज्ञाच्या अनुभवावर अवलंबून असतो. एव्हेरमध्ये स्क्रू फिरवण्यापूर्वीच जागेची विद्युत तपासणी करता येते.

२०१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मायक्राच्या चाचणीत ७२५ पैकी ७१९ रुग्णांमध्ये रोपण यशस्वी झाले.

महाराष्ट्रातील संदर्भ

लीडलेस पेसमेकरची किंमत नेहमीच्या पेसमेकरच्या कित्येक पट असल्याने भारतात तारयुक्त प्रकारच अधिक वापरला जातो. तोही अनेकांना परवडत नाही. मुंबईच्या होली फॅमिली रुग्णालयात ५३ गरजू रुग्णांना मृत व्यक्तींच्या शरीरातून काढून निर्जंतुक केलेले पेसमेकर बसवण्यात आले. या अनुभवाचा अहवाल २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. त्वचेखालील जनित्र सहज काढता येते, म्हणून हे शक्य झाले. हृदयात रुतलेल्या कॅप्सूलबाबत ते तितके सोपे नाही.