दहा तारखेचा नियम

वडिलांच्या माघारी त्यांच्या ट्रंकेत तीन पासबुके निघाली. वडील प्राथमिक शिक्षक. तालुक्याच्या गावी एका राष्ट्रीयीकृत बँकेत त्यांचे बचत खाते होते. नोंदी शाईच्या, प्रत्येक नोंदीपुढे कारकुनाची आद्याक्षरे. व्याज वर्षातून दोनदा जमा होई, आणि ते इतके किरकोळ की मला आधी हिशेबात चूक वाटली. चूक नव्हती. पासबुकात छापलेले नियम वाचले तेव्हा उलगडा झाला. महिन्याच्या दहा तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक राहिली असेल, तेवढ्याच रकमेवर त्या महिन्याचे व्याज. वडिलांचा पगार बहुधा बारा-चौदा तारखेस होई.

आपल्याकडे बँकांच्या संगणकीकरणाची गोष्ट यंत्रांच्या नाहीतर संपांच्या अंगाने सांगितली जाते. मी ती या नियमाच्या अंगाने वाचत आलो आहे.

नियम दुष्टपणातून आलेला नव्हता. बचत खात्यांच्या जाडजूड खतावण्या हाताने लिहिल्या जात. रोजच्या शिल्लकेवर व्याज काढायचे तर एका खात्याचे सहा महिन्यांत एकशे ऐंशीच्या वर आकडे धरावे लागले असते. त्याऐवजी महिन्याला एकच आकडा उचलायचा. खतावणीतल्या या आकड्याला बँकेतले लोक ‘प्रॉडक्ट’ म्हणत. सहा प्रॉडक्टांची बेरीज करायची, व्याजदराने गुणायचे, बाराशेने भागायचे, झाले व्याज. जून आणि डिसेंबरच्या अखेरीस या कामासाठी कर्मचारी रात्री उशिरापर्यंत थांबत. कारकुनाचे श्रम वाचत, पण त्याची किंमत खातेदार मोजत होता, आणि ती कोणत्याच जमाखर्चात दिसत नव्हती. समजा, दहाला खात्यात १,००० रुपये आहेत आणि अकराला ९,००० भरले. साडेतीन टक्के दराने १०,००० रुपयांचे महिन्याचे व्याज होते सुमारे २९ रुपये. हातात येत तीनसुद्धा नाहीत.

१९६९ साली राष्ट्रीयीकरण झाले तेव्हा देशात बँकांच्या ८,२६२ शाखा होत्या. १९९० पर्यंत त्या साठ हजारांच्या घरात गेल्या. खाती वाढली, खतावणीची पद्धत मात्र तीच राहिली. परिणाम असा की खतावण्या जुळेनात. एका खतावणीतल्या सगळ्या शिलकांची बेरीज मुख्य खात्याशी जमली पाहिजे. ती जमेपर्यंत ‘डिफरन्स’ शोधत बसायचे. काही शाखांत हे काम महिनोन्‌महिने तुंबे. न जुळलेली खतावणी ही अफरातफरीची हक्काची जागा. यंत्राची खरी गरज इथे होती.

८ सप्टेंबर १९८३ रोजी इंडियन बँक्स असोसिएशन आणि कर्मचारी संघटना यांच्यात यंत्रांविषयी करार झाला. यंत्रे येतील, पण मर्यादित. आणि त्यांच्यापायी कुणाची नोकरी जाणार नाही. रिझर्व्ह बँकेचे तेव्हाचे डेप्युटी गव्हर्नर सी. रंगराजन यांच्या समितीने १९८४ मध्ये शाखा, विभागीय कार्यालय आणि मुख्य कार्यालय अशा तीन पायऱ्यांचा आराखडा दिला. शाखेत आले त्या यंत्राचे नाव मोठे गमतीचे: ‘अ‍ॅडव्हान्स्ड लेजर पोस्टिंग मशीन’. वस्तुतः तो संगणकच, पण तो शब्द कर्मचाऱ्यांच्या कानाला खुपणारा होता. या नावाला हसणारे बरेच भेटतात. मला त्यात शहाणपण दिसते. माणसाची भीती नावाशी जोडलेली असेल तर नाव बदलून काम पुढे नेता येते.

पण नाव बदलताना आणखी एक गोष्ट घडली. यंत्र खतावणीचे काम करणारे, म्हणून त्याला खतावणीचीच रीत शिकवली गेली, दहा तारखेसह! रोजच्या शिल्लकेवर व्याज काढणे त्याला क्षणाचे काम होते. तरी ते कारकुनासारखे महिन्याला एकच आकडा उचलत राहिले. श्रमाची सबब संपली होती. नियम उरला होता. संघटनांनी संगणक अडवले असे सरसकट बोलले जाते, आणि ते काही अंशी खरेही आहे. मात्र हा नियम संघटनांनी धरून ठेवला नव्हता. त्याने बँकांचे व्याज वाचत होते.

पुढची पावले भराभर पडली. केंद्रीय दक्षता आयुक्त एन. विठ्ठल यांनी १ जानेवारी २००१ पर्यंत बँकांचा ७० टक्के व्यवसाय संगणकावर आणण्याचा आदेश दिला. दक्षता खात्याला यात का पडावे लागले, ते न जुळलेल्या खतावण्यांची आठवण ठेवली तर कळते. त्याच सुमारास स्वेच्छानिवृत्तीच्या योजनेतून सार्वजनिक बँकांचे सुमारे एक लाख कर्मचारी बाहेर पडले. कपात नाही हे वचन कागदावर अबाधित राहिले. कोअर बँकिंगमुळे शाखेची स्वतंत्र वही गेली. स्टेट बँकेच्या साऱ्या शाखा २००८ पर्यंत एका जाळ्यात आल्या.

एप्रिल २००९ मध्ये रिझर्व्ह बँकेने आपल्या वार्षिक धोरणात जाहीर केले की संगणकीकरण आता समाधानकारक झाले आहे, तेव्हा १ एप्रिल २०१० पासून बचत खात्यावर रोजच्या शिल्लकेनुसार व्याज द्यावे. पहिल्या करारापासून साडेसव्वीस वर्षांनी. त्यासाठी नवे यंत्र लागले नाही, एक परिच्छेद पुरला.

वडील त्याआधीच गेले होते. त्यांचे एक बचत खाते पोस्टातही होते. पुढे पोस्टातही कोअर बँकिंग आले, पासबुकावर छापील नोंदी आल्या. आईने ते खाते आपल्या नावाने चालू ठेवले आहे. तिथे आजही दहा तारखेपासून महिनाअखेरीपर्यंतची किमान शिल्लक धरतात, आणि आई नऊच्या आत पैसे भरून येते.