घरची विहीर, घरचीच जबाबदारी : एडवण ते बोईसर-तारापूर पट्ट्यात पाणी का आणि कसं तपासावं

पालघर तालुक्याच्या किनाऱ्यावर केळवे-माहीमपासून एडवण, दातिवऱ्यापर्यंत अनेक जुन्या घरांना स्वतःची विहीर आहे. काहींनी जोडीला बोअरिंगही मारलं आहे. नळाला पाणी येवो न येवो, विहीर आहे म्हणून घरचे निश्चिंत असतात.

मात्र एक फरक आपल्या लक्षात येत नाही. गावच्या सार्वजनिक पाण्यावर कुणाची तरी नजर असते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक त्यात टीसीएल पावडर टाकतो, नमुने प्रयोगशाळेत जातात, आणि सर्वेक्षणानंतर ग्रामपंचायतीला हिरवं, पिवळं किंवा लाल कार्ड मिळतं. आपल्या अंगणातली विहीर या यादीत सहसा नसते. म्हणजे तिची तपासणी आपण केली नाही, तर ती कुणीच करत नाही. म्हणून ही माहिती आम्ही एकत्र देत आहोत.

पाक पाणी आणि पिण्याचं पाणी

आपल्या घरांत पाण्याचा विचार लहानपणापासून शिकवला जातो. रंग, बू आणि मजा या तीन गोष्टी नजासतीने बदलल्या आहेत का, हे बघायचं. हा मसला तहारतचा आहे, आणि वजू-गुस्लच्या बाबतीत काही शंका असेल तर आलिमांना विचारावं. पण प्रकृतीचा प्रश्न वेगळा आहे. विष्ठेतून येणारा ई-कोलाय जंतू, खतातून किंवा शोषखड्ड्यातून उतरणारं नायट्रेट, शिसं, आर्सेनिक यांना पाण्यात ना रंग असतो, ना वास, ना चव. पाणी डोळ्यांना निवळ दिसतं, जिभेला गोड लागतं, आणि तरी ते पिण्यालायक नसू शकतं.

याचं प्रसिद्ध उदाहरण लंडनचं आहे. १८५४ साली तिथल्या ब्रॉड स्ट्रीट भागात कॉलऱ्याची साथ आली. डॉ. जॉन स्नो यांनी मृतांची घरं नकाशावर मांडली आणि साथीचं मूळ एका सार्वजनिक पंपाच्या विहिरीत शोधलं. विहिरीला लागूनच मैल्याचा खड्डा होता. लांब हॅम्पस्टेडमध्ये राहणारी एक विधवा बाईही त्या साथीत गेली. तिला त्याच पंपाच्या पाण्याची चव आवडायची, म्हणून ती ते रोज मागवून घ्यायची.

एडवणसारख्या किनारी गावात धोका कुठून येतो

पहिला धोका समुद्राचा. एका बाजूला अरबी समुद्र आणि दक्षिणेला दातिवऱ्याजवळ वैतरणेचं मुख, अशी ही जमीन आहे. अशा किनाऱ्यावर जमिनीखाली गोडं पाणी हलकं म्हणून वर तरंगतं आणि खारं पाणी त्याच्या खाली बसतं. त्याचा साधा हिशेब असा सांगतात : गोड्या पाण्याची पातळी समुद्रसपाटीपेक्षा १ फूट वर असेल, तर खाली साधारण ४० फूट गोडं पाणी असतं. पंप लावून ती पातळी १ फूट खाली आणली, की खारं पाणी तितक्याच पटीने वर सरकू लागतं. उन्हाळ्यात विहीर मचूळ होते ती यामुळे. अशा वेळी बोअरिंग आणखी खोल नेलं, तर खाऱ्या पाण्याशीच गाठ पडण्याची शक्यता जास्त.

दुसरा धोका शोषखड्ड्याचा. घराघरात संडास झाले ही चांगलीच गोष्ट झाली. पण विहीर आणि शोषखड्डा यांच्यात निदान ५० फूट अंतर हवं, आणि जुन्या मोहल्ल्यातल्या छोट्या जागांत ते राहत नाही. आपला खड्डा लांब असला तरी शेजाऱ्याचा जवळ असू शकतो. किनाऱ्याची जमीन रेताड. पावसाळ्यात पाण्याची पातळी वर येते आणि खड्ड्यातलं पाणी सहज विहिरीकडे झिरपतं. जुलाब, टायफॉईड, कावीळ हे आजार असेच येतात. हिपॅटायटिस ई या प्रकारची कावीळ गरोदर बाईच्या जिवावर बेतू शकते.

तिसरा धोका खतांचा. वाडीत टाकलेल्या खतांमधून नायट्रेट खाली उतरतं. मोठ्यांना त्याचा लगेच त्रास जाणवत नाही. पण सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला वरचं दूध अशा पाण्यात कालवून दिलं, तर त्याच्या रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची ताकद कमी होते आणि बाळ निळसर पडू शकतं. आणि पाणी उकळलं तर नायट्रेट जात नाही, उलट पाणी आटल्यामुळे त्याचं प्रमाण वाढतं.

बोईसर-तारापूर पट्ट्यात आणखी एक गोष्ट

एडवणच्या उत्तरेला, तारापूर औद्योगिक वसाहतीच्या आसपास, वरचे धोके आहेतच, शिवाय कारखान्यांच्या सांडपाण्याचा प्रश्न आहे. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २०१८ च्या मूल्यांकनात तारापूरला ९३.६९ गुण मिळाले. ७० च्या वर गेलेलं क्षेत्र अतिप्रदूषित मानलं जातं. मच्छीमार समाजाच्या अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने हा प्रश्न राष्ट्रीय हरित लवादापुढे नेला. नाले, खाडी, समुद्र आणि भूजल यांच्या नुकसानीचा हा खटला होता. जानेवारी २०२२ मध्ये लवादाने कारखान्यांना आणि सामूहिक सांडपाणी प्रक्रिया केंद्राला जबाबदार धरून भरपाई भरण्याचा आदेश दिला.

याचा अर्थ तिथली प्रत्येक विहीर खराब आहे असा नाही, आणि एडवणची प्रत्येक विहीर चांगली आहे असाही नाही. जमिनीखालचं पाणी एकसारखं नसतं. शेजारच्या विहिरीचा अहवाल चांगला आला म्हणून आपलाही येईल, असं गृहीत धरता येत नाही. मात्र कारखान्याजवळच्या विहिरीची नेहमीची तपासणी पुरेशी नाही, हे नक्की. तिथे जड धातूंची तपासणी वेगळी मागून घ्यावी लागते.

काय काय तपासून घ्यावं

पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक आयएस १०५०० : २०१२ हे आहे. अहवालात बहुधा दोन मर्यादा छापलेल्या असतात : एक स्वीकार्य मर्यादा, आणि दुसरी, दुसरं पाणीच उपलब्ध नसेल तर चालवून घेण्याची. मुख्य आकडे असे (मिलिग्रॅम प्रति लिटर) :

- ई-कोलाय : १०० मिलिलिटर पाण्यात एकही नको
- नायट्रेट : ४५, यात सवलत नाही
- क्लोराईड (खारेपणा) : २५०, पर्याय नसेल तर १०००
- एकूण विरघळलेले क्षार (टीडीएस) : ५००, पर्याय नसेल तर २०००
- कठीणपणा : २००, पर्याय नसेल तर ६००
- फ्लोराईड : १, पर्याय नसेल तर १.५
- सामू (पीएच, याला एकक नाही) : ६.५ ते ८.५
- शिसं : ०.०१, पारा : ०.००१, दोन्हींत सवलत नाही

एडवण, केळवे, दातिवरे बाजूला ई-कोलाय, नायट्रेट, क्लोराईड आणि टीडीएस या चार तपासण्या कधीच चुकवू नयेत. बोईसर-तारापूर बाजूला याशिवाय शिसं, पारा, क्रोमियम, निकेल, आर्सेनिक आणि सीओडी सांगावं.

फिल्टर विकायला येणाऱ्यांच्या प्रात्यक्षिकावर जाऊ नका. टीडीएस मीटर फक्त विरघळलेल्या क्षारांचा अंदाज देतो. जंतू आहेत की नाहीत, शिसं आहे की नाही, हे त्याला कळत नाही. दोन सळ्या पाण्यात बुडवून, वीज सोडून पाणी तपकिरी करून दाखवतात. तो रंग मुख्यतः सळीच्या लोखंडाचा असतो.

नमुना कसा घ्यावा

जंतूंच्या तपासणीसाठी निर्जंतुक बाटली प्रयोगशाळेतूनच आणावी. ती धुवायची नाही, झाकणाला आतून बोट लावायचं नाही. बोअरिंग असेल तर पंप पाच मिनिटं चालू ठेवून मग पाणी भरावं. नमुना बर्फाच्या डब्यात ठेवून त्याच दिवशी पोहोचवावा, २४ तासांपेक्षा उशीर नको. विहिरीत टीसीएल टाकल्यावर लगेच घेतलेल्या नमुन्याला अर्थ नाही.

रासायनिक तपासणीला साधारण एक-दोन लिटरचा स्वच्छ कॅन लागतो. तो त्याच विहिरीच्या पाण्याने तीन वेळा विसळावा. कोल्ड्रिंकची किंवा तेलाची बाटली नको. धातूंच्या तपासणीचा नमुना वेगळा घेतात, त्याची बाटली आधी विचारून आणावी. बाटलीवर नाव, गाव, तारीख, वेळ आणि विहिरीची खोली लिहावी.

जंतूंची तपासणी वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि पावसाळ्यानंतर, आणि रासायनिक तपासणी वर्षातून एकदा करावी. विहिरीत पुराचं पाणी शिरलं, शेजारी नवा शोषखड्डा झाला, किंवा घरात बाळ येणार असेल, तर ठरलेल्या वेळेची वाट बघू नये.

कुठे जावं

पहिली चौकशी ग्रामपंचायतीत किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात करावी. जलजीवन मिशनमध्ये गावातल्या पाच महिलांना तपासणी संचाचं प्रशिक्षण देण्याची तरतूद आहे. आपल्या गावात त्या कोण आहेत ते विचारा. या संचाने प्राथमिक अंदाज मिळतो. पक्क्या अहवालासाठी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या जिल्हा आणि उपविभागीय प्रयोगशाळा आहेत. तिथे खासगी विहिरीचा नमुनाही माफक शुल्कात तपासून मिळतो. जड धातूंसाठी एनएबीएल मान्यता असलेली प्रयोगशाळा निवडावी आणि दर आधी विचारून घ्यावेत.

अहवाल खराब आला तर

ई-कोलाय निघाला तर घाबरू नका, पण पाणी उकळल्याशिवाय पिऊ नका. खळखळून उकळी आल्यावर एक मिनिट पुरतं. तुरटीने गाळ खाली बसतो, जंतू मरतात असं धरून चालू नये. विहिरीत टीसीएल टाकण्याचा हिशेब असा : व्यास गुणिले व्यास गुणिले पाण्याची खोली (सगळं मीटरमध्ये), त्याला ७८५ ने गुणलं की लिटर मिळतात. ३ मीटर व्यास आणि ४ मीटर पाणी असेल तर सुमारे २८,००० लिटर. निवळ पाण्याला दर १००० लिटरमागे चांगल्या प्रतीची २.५ ग्रॅम टीसीएल लागते, म्हणजे इथे ७० ग्रॅम. पाणी गढूळ असेल किंवा पावडर जुनी असेल तर जास्त लागते, ते आरोग्यसेवकाला विचारावं. पावडर बादलीत कालवून दहा मिनिटं निवळू द्यावी, वरचं पाणी विहिरीत सोडून ढवळावं, चुन्याचा साका विहिरीत टाकू नये. निदान तासभर पाणी उपसू नये.

पण टीसीएल हा कायमचा इलाज नाही. विहिरीला कठडा, भोवती चहूबाजूंनी मीटरभर रुंद सिमेंटचा ओटा आणि सांडपाणी लांब नेणारी नाली हवी. ते झालं की पुन्हा तपासणी करावी.

नायट्रेट जास्त असेल तर बाळाच्या दुधासाठी दुसरं पाणी आणावं. आरओ यंत्राने नायट्रेट आणि क्षार बरेच कमी होतात, नुसत्या यूव्ही फिल्टरने होत नाहीत. खारेपणा वाढत असेल तर उपसा कमी करून छपराचं पावसाचं पाणी गाळून जमिनीत मुरवावं.

धातू किंवा रसायनं निघाली, तर ते पाणी पिणं आणि स्वयंपाकाला वापरणं दोन्ही बंद करावं. उकळून उपयोग नाही. अहवालाची प्रत जोडून ग्रामपंचायतीला आणि महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाला लेखी अर्ज द्यावा, पोच घ्यावी.

अहवाल चांगला आला तरी तो जपून ठेवा. उद्या पाणी बिघडलं, तर आधी ते कसं होतं हे दाखवणारा तोच कागद असतो. "पूर्वी आमचं पाणी चांगलं होतं" हे तोंडी सांगून कुठल्याही कार्यालयात भागत नाही.

मशिदीची विहीर, सदक्याची बोअरिंग

हजरत उस्मान (रजि.) यांनी मदिन्यातली रूमाची विहीर विकत घेऊन लोकांसाठी खुली केली, हे आपल्या मुलांना माहीत असतं. त्याच भावनेने आज अनेक जण मरहूम आई-वडिलांच्या नावाने बोअरिंग मारून देतात. त्या खर्चात तपासणीचा खर्च धरायलाच हवा. बांगलादेशात १९७० च्या दशकापासून लाखो हातपंप बसवले गेले, लोकांना तळ्याच्या दूषित पाण्यापासून वाचवावं याच नेक नियतीने. जंतूंचा प्रश्न कमी झाला, पण आर्सेनिक कुणी तपासलं नव्हतं. १९९३ मध्ये ते पाण्यात सापडलं, तोवर लोक वर्षानुवर्षं तेच पाणी पीत होते. मग एकेक पंप तपासून धोक्याच्या पंपाला लाल आणि चांगल्याला हिरवा रंग दिला गेला.

आमची जमातींना आणि मोहल्ला कमिट्यांना एक सूचना आहे. मशीद आणि मदरशाच्या विहिरीचं पाणी वर्षातून दोनदा तपासा आणि अहवाल नोटीस बोर्डावर लावा. वजूखान्याच्या नळाला मुलं तोंड लावून पाणी पितात, हे आपण सगळेच बघतो. त्याच फेरीत मोहल्ल्यातल्या पाच-दहा घरांचे नमुने एकत्र नेले, तर जाण्या-येण्याचा खर्च वाटला जाईल. पावसाळ्याआधीचे नमुने मे महिन्यात न्यावेत, पावसाळ्यानंतरचे ऑक्टोबरच्या अखेरीस.