लातूरची गंजगोलाई : १६ रस्ते एका वर्तुळाला का मिळतात?

वर्तुळाकार दुमजली इमारत, मधोमध अंबाबाईचे मंदिर आणि चहूबाजूंनी येऊन मिळणारे १६ रस्ते, अशी आहे लातूरची गंजगोलाई. 'गंज' म्हणजे बाजारपेठ आणि 'गोलाई' म्हणजे गोलाकार जागा. काम आणि आकार दोन्ही नावातच आले.

कधी आणि कोणी उभारली?

गोलाईचा आराखडा नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी तयार केला. मुख्य इमारत १९१७ मध्ये बांधली गेली. लातूर तेव्हा हैदराबाद संस्थानात होते आणि गादीवर होते सातवे निजाम मीर उस्मान अली खान. त्याआधी सहा वर्षे, १९११ मध्ये, बार्शी लाइट रेल्वेची छोटी गाडी लातूरपर्यंत पोहोचली होती. हा मार्ग कुर्डुवाडीला मुख्य रेल्वेमार्गाला मिळत असल्याने इथला माल थेट मुंबईकडे जाऊ लागला.

गोलच का?

सरळ पेठेत मोक्याचे दुकान एखाद्यालाच मिळते, बाकीचे मागे पडतात. वर्तुळात मात्र कोपरा नसतो आणि शेवटचे दुकानही नसते. कोणत्याही रस्त्याने आलेला शेतकरी किंवा गिऱ्हाईक मध्यभागीच पोहोचतो आणि एक फेरी मारली की हवा तो रस्ता धरतो. या रस्त्यांवर व्यापारानुसार पेठा बसल्या. सराफ लाइन, कापड लाइन, भुसार लाइन ही नावे आजही रुळलेली आहेत. दागिन्यांपासून चपलांपर्यंत आणि मिरचीपासून गुळापर्यंत सगळे इथे मिळते.

अशीच कल्पना इंग्लंडमध्ये

इंग्लंडमधील बाथ शहरात 'सर्कस' नावाची वर्तुळाकार घरांची रांग आहे. जॉन वुड पिता-पुत्रांनी ती १७५४ ते १७६८ या काळात उभारली. तीन कमानदार तुकड्यांत ३३ घरे, भिंतीला भिंत लागून. १७१४ ते १८३० या काळात इंग्लंडवर लागोपाठ चार जॉर्ज राजे झाले, म्हणून या शैलीला 'जॉर्जियन' म्हणतात. तिचा नियम साधा : घर आतून कसेही असो, रस्त्याकडचा दर्शनी भाग सगळ्यांचा सारखा.

हा नियम तिथे किती गांभीर्याने घेतात? जवळच्याच 'रॉयल क्रेसेंट'मध्ये १९७० च्या दशकात एका घरमालकिणीने दार पिवळे रंगवले. नगरपालिकेने रंग बदलायला सांगितले आणि वाद वरपर्यंत गेला. शेवटी पिवळे दार राहिले!

बाथमध्ये श्रीमंतांची घरे, तर लातूरमध्ये दुकाने. पण तत्त्व तेच : दुकान ज्याचे त्याचे, गोलाचा चेहरा मात्र सगळ्यांचा.

आज काय?

गोलाई आखली तेव्हा बैलगाडी, टांगा आणि पायी चालणारा माणूस डोळ्यांसमोर होता. आज त्याच वर्तुळात दुचाकी, रिक्षा आणि हातगाडे शिरतात. सोय म्हणून आखलेले १६ रस्तेच गर्दीच्या वेळी कोंडी करतात. शिवाय प्रत्येक दुकानाची पाटी शेजारच्यापेक्षा मोठी झाली, की मागची गोलाई दिसेनाशी होते.

शंभरी ओलांडलेली ही वास्तू कुलूप लावून जपायची नाही, कारण ती चालता बाजार आहे. एका दुकानाने पाटी थोडी आवरली, तर तेवढी भिंत दिसेल. सगळ्यांनी आवरली, तर पूर्ण वर्तुळ दिसेल.