तोफेचा काना आणि मेण

किल्ल्यांवर लिहिताना आपण तोफेची लांबी मोजतो, पल्ल्याचे अंदाज बांधतो. सह्याद्रीतल्या चार महिन्यांच्या पावसात त्या लोखंडाचे काय होत असे, हे सहसा कोणी विचारत नाही. रामचंद्रपंत अमात्यांनी मात्र त्याचा विचार केला होता. १७१५-१६च्या सुमारास सिद्ध झालेल्या 'आज्ञापत्रा'त, दुर्गांच्या प्रकरणात, त्यांची सूचना आहे: पावसाळ्यात तोफांना आणि दरवाजांना तेल-मेण द्यावे, तोफांचे काने मेणाने बुजवावेत, वर पुरते आच्छादन घालावे.

यातली कान्याची गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. काना म्हणजे बत्ती द्यायचे मागचे छिद्र. दिसायला क्षुल्लक, पण त्यातून गळलेले पाणी थेट दारू ठासायच्या जागी उतरते. तिथे आधीच्या बारांची राख चिकटलेली असते आणि तिच्यातले क्षार ओल धरून ठेवतात. म्हणजे तोफ बाहेरून तुळतुळीत दिसली तरी आतून खात जाते. आणि सगळा दाब झेलायचा असतो तो नेमका त्याच भागाने. अशी तोफ फुटली तर मरतो तो आपलाच गोलंदाज. नुसते तेल धुवाधार पावसात टिकत नाही, मेण टिकते.

दरवाजांचा उल्लेख तोफांच्या जोडीने यावा, हेही बोलके आहे. खिळा काय नि तोफ काय, लोखंड ते लोखंड! दारूबाबतही तीच दक्षता: आठ-पंधरा दिवसांनी दारू, बाण बाहेर काढून उष्णता द्यायची आणि पुन्हा मोहोरबंद करून ठेवायचे.

विजापूरची मलिक-ए-मैदान १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. ती काशाच्या जातीची, म्हणून उघड्यावर उभी राहूनही तिला लोखंडासारखा गंज चढला नाही. लोखंडी तोफांचे नशीब तसे नव्हते.

आज दुर्गप्रेमी मंडळी मातीत गाडलेल्या तोफा काढून लाकडी गाड्यांवर बसवतात. काम मोठे आहे, त्यांच्या घामाला माझा नमस्कार. पण गंजावरच काळा ऑइलपेंट फासलेला पाहिला की जीव कळवळतो. त्याखाली ओल कोंडते आणि पापुद्रे सुटत राहतात. संग्रहालयांत गंज हलकेच खरवडून टॅनिक आम्ल लावतात, वर मेणाचा थर देतात. तोंड किंचित खाली कलते ठेवले तर नळीत पाणीही साचत नाही. आणि काना? तो बहुतेक ठिकाणी उघडाच असतो.