मांडीतली नळी, हृदयातली आडवाट

मंडळी, आधी आपल्याकडचंच बघू. परंड्याकडची एखादी बाई. काम करता करता छाती धडधडायला लागते, नाडी मिनिटाला १८० च्या वर जाते. एसटीनं धाराशिवला पोचेपर्यंत सगळं थांबलेलं असतं. ईसीजी चांगला येतो. मग घरचे म्हणतात, "हिला काळजीच फार."

खरं कारण पुष्कळदा वेगळं असतं. हृदयाच्या वरच्या कप्प्यांतून खाली वीज जायला एकच वाट असते. काहींना जन्मतः एक आडवाट जादा असते. वीज एकीनं उतरते, दुसरीनं चढते आणि गोल फिरत राहते. १९३० साली वुल्फ, पार्किन्सन आणि व्हाइट यांनी असल्या ११ रुग्णांची नोंद छापली. पण ती वाट तोडायची कशी?

त्याच्या आदल्याच वर्षी जर्मनीत वेर्नर फोर्समान या तरुण डॉक्टरनं, वरिष्ठांनी मनाई केलेली असताना, स्वतःच्या दंडातल्या शिरेतून नळी हृदयापर्यंत सरकवली आणि चालत जाऊन एक्स-रे काढला. १९५६ मध्ये त्याला नोबेल मिळालं. तरी आडवाट तोडायला १९६८ मध्ये अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात विल सीली यांना एका मच्छीमाराची छाती उघडावीच लागली.

आपल्या जिल्ह्यातून लातूर वेगळा झाला ते साल आठवा, १९८२. त्याच साली मेल्विन शाइनमन यांनी नळीतून उपचार केल्याचं प्रसिद्ध केलं. ते विजेचा झटका देऊन मूळ वाटच बंद करत. धडधड थांबे, पण पेसमेकर जन्माचा मागे लागे. पुढे झटक्याऐवजी रेडिओफ्रिक्वेन्सी आली. नळीच्या टोकाशी काही मिलिमीटरच जागा तापवायची, म्हणजे नेमकी आडवाटच जळते. १९९१ मध्ये जॅकमन यांच्या गटानं १६६ पैकी १६४ रुग्णांत यश मिळवल्याचं मांडलं. आज नळी मांडीच्या शिरेतून जाते, छाती उघडावी लागत नाही.

आता आपल्या बाईकडे परत येऊ. उपचार मोठ्या शहरात होईल, पण निदानाची सुरुवात गावाजवळच होते. काहींची आडवाट एरवीच्या ईसीजीत दिसते, पुष्कळांची दिसतच नाही. म्हणून धडधड चालू असतानाच जवळच्या दवाखान्यात ईसीजी काढून घ्या. चक्कर आली, शुद्ध हरपली तर अजिबात थांबू नका. आणि तो कागद घडी करून जपून ठेवा. पुढचा डॉक्टर आधी तोच मागणार आहे.